घासलेले अलॉय घरच्या घरी कसे नीट करायचे

आपल्याकडे कुठल्याही गाडीचे अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमची चाकं, बघा, जास्त घासलेले डाव्या बाजूचेच असणार. आपण बसतो उजवीकडे, फूटपाथ असतो डावीकडे, आणि गाडी लावताना अजून वीतभर जागा आहे, अजून वीतभर आहे करता करता तो कर्रर्र आवाज येतो आणि पोटात गोळा येतो. माझ्या २०१४ च्या स्विफ्टचं पुढचं डावं चाक तर असं झालं होतं की अर्धा काठ नुसता कुरतडलेला, जणू उंदीर लागलाय. गॅरेजला विचारलं तर चारही चाकांचा जो आकडा सांगितला तो ऐकून म्हटलं राहू दे, आपणच करून बघू, बिघडून बिघडून अजून काय बिघडणार. चार रविवार ठरवले होते, एका रविवारी एक चाक, पण मधे एकदा सगळं खरवडून परत करावं लागलं म्हणून पाच लागले. आता तीन फुटांवरून कोणाला कळत नाही. उकिडवं बसून बघितलं तर कळतं, पण असं बसून बघणारा फक्त मीच आहे.

सुरू करायच्या आधी हे बघा की तुमचं चाक घरी करण्यासारखं आहे का. वरवरचं घासलेलं, रंगाचे पोपडे निघालेले, काठ खरबरीत झालेला, एवढंच असेल तर बिनधास्त करा. पण खड्ड्यात आपटून काठ वाकलाय, किंवा आतल्या बाजूला केसासारखी बारीक चीर दिसतेय, किंवा हवा दर चार दिवसांनी कमी होतेय, तर रंगाचा विषय सोडा. अलॉय म्हणजे ओतीव अॅल्युमिनियम, ते पत्र्यासारखं ठोकून सरळ होत नाही आणि त्याला चीर गेली की ती वाढतच जाते. वर पुट्टी आणि रंग मारून तुम्ही ती फक्त लपवणार, आणि लपवलेली चीर एक्सप्रेसवेवर शंभरच्या स्पीडला उघडी पडली तर काय होईल ते मी लिहायची गरज नाही. चाक काढलंच आहे तर साबणाचं पाणी करून काठावर आणि आतल्या बाजूने सगळीकडे ओता, कुठे बुडबुडे येतायत का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे डायमंड कट. हल्लीच्या बऱ्याच टॉप मॉडेलला दोन रंगी अलॉय येतात, आत काळा किंवा ग्रे आणि वरचा भाग चकचकीत. त्या चकचकीत भागावर उन्हात वाकडं बघा, जुन्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर असतात तशा बारीक गोल रेषा दिसतील. त्या लेथवर कापलेल्या असतात आणि वर नुसता क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो. हे हाताने होत नाही, पॉलिश पेपर लावला की ती रेषा गेली ती गेली, मग एकतर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, लेथवाल्याकडे न्या नाहीतर सगळं चाक एका रंगात करून टाका. लेथवर पण दरवेळी थोडं थोडं मेटल जातं, त्यामुळे ते कितीही वेळा करता येत नाही. माझे साधे सिल्व्हर होते म्हणून सुटलो.

सामान फार लागत नाही. पॉलिश पेपर म्हणजे वॉटर पेपर, १२०, २४०, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे, प्रत्येकी दोन-तीन तुकडे. एक बारीक दाताची कानस. पॉलिस्टर पुट्टी आणि तिच्याबरोबर येणारी हार्डनरची छोटी ट्यूब, गाड्यांच्या डेंटिंग पेंटिंगवाले वापरतात ती, भिंतीची पुट्टी नाही आणि घरात नळासाठी आणलेलं सील पण नाही. मग अॅल्युमिनियमला चालेल असा प्रायमर, सिल्व्हर स्प्रे, क्लिअर स्प्रे, चांगल्यातली मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि जुन्या बनियनची स्वच्छ फडकी. पुण्यात असाल तर नाना पेठेत एका फेरीत सगळं मिळतं. सिल्व्हर घेताना सेंटर कॅप, म्हणजे चाकाच्या मधलं झाकण, खिशात घालून जा आणि दुकानाच्या बाहेर उन्हात डब्याच्या झाकणाशी लावून बघा, कारण सिल्व्हर म्हणजे एक रंग नाही, पंचवीस रंग आहेत, आणि ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच दिसतात. नाहीच जुळला तर रंग मिक्स करून स्प्रेच्या डब्यात भरून देणारे असतात, थोडे जास्त पैसे जातात पण चारातलं एकच चाक करायचं असेल तर तेच करा. चारही करणार असाल तर जुळवायचं टेन्शनच नाही, चारही सारखेच होणार.

मास्कवर मात्र कंजुषी नको. घासताना साधा एन ९५ चालतो, पण स्प्रेच्या वासाला तो काहीच करत नाही, त्याला कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. आणि टू-के क्लिअर वापरणार असाल, म्हणजे ज्याच्या डब्याच्या बुडाला बटण दाबून आत हार्डनर सोडतात ते, तर त्याच्यात आयसोसायनेट असतं, तो प्रकार फुफ्फुसाला फार वाईट, मास्क, ग्लोव्हज आणि चष्मा नसेल तर हातच लावू नका.

कधी करायचं, तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात करू नका म्हणजे नकाच. स्प्रेमधलं थिनर उडताना पृष्ठभाग एकदम गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्याच्यावर बसतं, मग क्लिअर दुधाळ होतो, आरशावर वाफ धरल्यासारखा. मुंबई-कोकण-गोव्यात दमट हवा बारा महिने, तिथे निदान कोरड्या दिवशी सकाळी अकरा ते दोन अशी वेळ बघा. मे महिन्यात उलटा त्रास, रंग चाकावर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि हात फिरवला की खरखरीत लागतो, शिवाय धूळ. मे मध्ये करायचंच असेल तर सकाळी सात-साडेसातला, वारा सुटायच्या आत.

चाक काढायचं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, तिरक्या समोरच्या चाकाच्या पुढेमागे वीट लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक. चाक काढलं की तिथे स्टेपनी लावून गाडी खाली उतरवून ठेवा, नुसत्या जॅकवर दिवसभर गाडी उभी ठेवू नका, सोसायटीत पोरं खेळतात. स्टेपनीमुळे एक फायदा असा की आठवडाभर रंग वाळत असला तरी जवळपासची कामं अडत नाहीत, हळू चालवा म्हणजे झालं.

आता धुणं, आणि याला अर्धा तास द्या. शाम्पू, जुना टूथब्रश, आतूनबाहेरून. ब्रेकची काळी पूड असते ती लोखंडाची, ती नुसत्या साबणाने जात नाही, आयर्न रिमूव्हर मारला की जांभळं पाणी ओघळायला लागतं, बघायला मजा येते. डांबराचे ठिपके टर्पेंटाइनने काढा. बाथरूमचं अॅसिड लावू नका, कितीही चकाचक दिसलं तरी ते अॅल्युमिनियम खातं. वजनं चिकटवलेली असतात ती काढू नका, आणि कुठे आहेत त्याच्या शेजारी आतल्या बाजूला मार्करने खूण करा, पडली तर कळेल तरी. पूर्ण वाळलं की अल्कोहोलने पुसून घ्या, मग हाताने शिवायचं नाही, बोटाचं तेल पण रंगाला नडतं.

यापुढे जे सांगतोय ते नीट वाचा, कारण खरं काम हेच आहे. रंग मारायला सगळा मिळून तासभर जातो, घासायला चार तास, आणि लोक नेमके घासायचे चार तास वाचवायला जातात. आधी कानस. फूटपाथला घासल्यावर मेटल नुसतं खरवडत नाही, ते एका बाजूला लोटलं जाऊन त्याचे धारदार कंगोरे उभे राहतात, बोट कापतं इतके. ते कानशीने काठाच्या गोलाईच्या दिशेनेच, एकाच बाजूला ढकलत काढायचे, मागेपुढे करवत चालवल्यासारखं नाही. अॅल्युमिनियम मऊ असतं, कानशीच्या दातात भरून बसतं आणि मग तेच नवीन ओरखडे काढतं, म्हणून कानशीला आधी खडू घासा आणि मधेमधे ब्रशने साफ करा. लोखंडी तारेचा ब्रश चाकावर मात्र फिरवू नका, लोखंडाचे कण मऊ मेटलमध्ये रुततात आणि नंतर तिथेच गंज धरायला सुरुवात होते.

कंगोरे गेले की १२० चा पेपर, मग २४०. पेपर नुसत्या बोटावर धरू नका, बोटाचा दाब मधे जास्त पडतो आणि खळगा होतो, एक जाड रबरी स्लिपरचा तुकडा कापून त्याला गुंडाळा, ब्लॉक म्हणून याच्यासारखं काही नाही, वाकतो पण आणि सपाट पण राहतो. आणि फक्त घासलेल्या जागी घासायचं नाही, तिच्या बाहेर दोन-तीन इंच पसरत न्यायचं. जिथे जुना रंग संपून मेटल सुरू होतं तिथे एक पायरी असते, डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक, पण वर सिल्व्हर पडला की ती नकाशातल्या किनाऱ्यासारखी उठून दिसते. ही पायरी मोडून उतार करायचा. झाला की नाही हे बघून कळत नाही, डोळे मिटायचे आणि बोट हळू फिरवायचं, नख नाही, बोटाचं टोक. जुन्या रंगावरून मेटलवर आणि परत रंगावर. बोट कुठे अडखळलं तर अजून घासा. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये एक पेंटरमामा आहेत, त्यांनी हे शिकवलं, म्हणाले डोळा फसतो, बोट नाही फसत. मी पहिल्या चाकाला ऐकलं नाही आणि ते चाक आजही सगळ्यात वाईट आहे.

क्लिअर कोटच्या खाली पांढऱ्या बारीक अळ्या फिरल्यासारख्या रेषा दिसत असतील, समुद्राकडच्या गाड्यांना हमखास असतात, तर तो अॅल्युमिनियमचा गंज. आत पाणी-मीठ गेलेलं असतं आणि तो रंगाच्या खालून सरकत जातो. त्या रेषेच्या टोकापर्यंत आणि अजून बोटभर पुढे सगळं खरवडून शुद्ध मेटल दिसेपर्यंत घासा. थोडं राहिलं तर नवीन रंगाखालून परत चालायला लागतं, सहा महिन्यांत हजर.

खोल खाचा कानशीने काढत बसलात तर काठच पातळ होईल, तिथे पुट्टी. पण पुट्टी म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं काम, काठाचा तुकडाच उडालेला असेल तर तो पुट्टीने बांधू नका, पहिल्या पंक्चरला टायर काढताना लिव्हर लागला की निखळून येईल. पुट्टी लावायची ती १२० ने खरबरीत केलेल्या उघड्या मेटलवर, गुळगुळीत जागेवर धरत नाही. सुपारीएवढी पुट्टी घेतलीत तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा हार्डनर, त्याहून जास्त नको. लवकर वाळावी म्हणून जास्त टाकला की पुट्टी फुगते, तिला बारीक भोकं पडतात आणि रंगातून डाग वर येतो. कमी टाकला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत च्युइंगम. जुन्या टाइलच्या तुकड्यावर मिसळा, फेटायचं नाही, दाबत दाबत एकजीव करायचं, फेटलं की हवा शिरते. रंग सगळीकडे एकसारखा झाला की लावायला तुमच्याकडे चार-पाच मिनिटं आहेत, मेमध्ये तीनच. जुनं एटीएम कार्ड काठाच्या गोलाईप्रमाणे वाकवून ओढा. किंचित वर राहू द्या. अर्ध्या तासाने नख रुतत नाही असं झालं की २४० आणि मग ४०० ने उतरवा, परत तेच डोळे मिटून. सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली असतील तर एनसी पुट्टीचा, म्हणजे हार्डनर न लागणाऱ्या बारीक पुट्टीचा, पातळ हात द्या. ही भोकं आत्ता दिसत नाहीत असं वाटतं, सिल्व्हर पडल्यावर एकेक मोजता येतात.

मास्किंगला टायरची हवा सोडा, व्हॉल्व्हची पिन काढली की फुस्स. मग टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचत जायचे, एकावर एक चढवून, गोल पूर्ण होईपर्यंत. आमच्याकडे पत्त्यांचा कॅट कोणी देईना म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापून वापरल्या, जाड असतात, उत्तम काम झालं. नट जिथे बसतात त्या भोकांचे तिरके काठ आणि चाकाची मागची बाजू जी हबला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाला, टेकते ती, दोन्हीवर रंगाचा थेंबसुद्धा जाता कामा नये. नटाखाली रंग असला की तो दबतो, झिजतो आणि नट ढिला होतो. कागदाचे बोळे करून भोकात घट्ट बसवा. बाकी न घासलेल्या भागावर पण ६०० चा पेपर पाणी लावून हलका फिरवून चमक घालवा, चमकत्या रंगावर नवीन रंग धरत नाही, सालपटासारखा निघतो.

प्रायमर. उघड्या अॅल्युमिनियमवर हवेने लगेच एक अदृश्य थर बसतो, त्याच्यावर साधा रंग टिकत नाही, म्हणून एच (etch) प्रायमर किंवा एपॉक्सी प्रायमर. पुट्टी लावलेली असेल तर एपॉक्सीच बघा, दोन्हीवर चालतो, कारण एच प्रायमरमध्ये अॅसिड असतं आणि त्याचं आणि पुट्टीचं पटत नाही. डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा, कंटाळून वीस सेकंदात थांबू नका. २०-२५ सेंटिमीटरवरून, हात चाकाच्या बाहेर सुरू करून चाकावरून नेऊन बाहेरच थांबवायचा. चाकावर बटण दाबलं आणि चाकावरच सोडलं की ओघळ आलाच. तीन पातळ हात, मधे दहा-दहा मिनिटं. पहिल्या हातात आरपार दिसत असेल तर ते बरोबर आहे, एका हातात झाकायला जाऊ नका. स्पोकच्या बाजू आणि आतले कोपरे आधी, समोरचा भाग शेवटी. चाक बादलीवर आडवं ठेवा म्हणजे भोवती फिरता येतं. प्रायमर चांगला वाळला की ६०० आणि मग ८०० पाणी लावून, ४०० चे ओरखडे सिल्व्हरमधून दिसतात.

जागेबद्दल थोडं. मी पहिलं चाक पार्किंगमध्ये केलं, चारी बाजूंनी पेपर अंथरले, वाटलं झालं. संध्याकाळी समोरच्या काकांचा फोन, माझ्या काळ्या अॅक्टिव्हाला चांदण्या लागल्यात म्हणे. बारा फूट लांब होती. नशीब रंग हवेत वाळून नुसता भुकटीसारखा बसला होता, रबिंग कंपाउंडने निघाला, पण पूर्ण दिवस तिच्यावर गेला. तेव्हापासून मोठ्या खोक्याच्या तीन बाजू उभ्या करून आत चाक ठेवतो, फ्रिजचा खोका मिळाला तर सोनं.

सिल्व्हरचे तीन-चार हात, प्रायमरसारखेच. शेवटचा हात जरा लांबून, फूट-सव्वा फुटावरून, धुक्यासारखा उडता, त्याने आतली चांदी सगळीकडे सारखी बसते नाहीतर ढगाढगासारखं दिसतं. वाळल्यावर सिल्व्हर एकदम मंद, राखेसारखा दिसेल, घाबरून अजून मारू नका, चमक क्लिअरने येते. आणि क्लिअरआधी सिल्व्हरला पेपर लावायचा नाही, धूळ बसली असेल तर तेवढं उतरवून परत एक हात द्या.

क्लिअरची वेळ डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते, चष्मा लावून वाचा. साध्या स्प्रेला बहुतेक वेळा असं असतं की दुसरा कोट एक तर तासाभरात मारा नाहीतर पूर्ण दिवस जाऊ द्या, अधलीमधली वेळ वाईट. मी दुसऱ्या चाकाला सिल्व्हर मारून जेवायला गेलो, जेवण, वामकुक्षी, चार तासांनी येऊन क्लिअर मारला, आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळा रंग दुधावरची साय फुंकर मारल्यावर गोळा होते तसा सुरकुतला. खालचा थर वरून वाळलेला, आतून ओला, क्लिअरमधल्या थिनरने तो फुगवला. दोन दिवस वाळू देऊन १२० पासून परत. क्लिअरचा पहिला हात उडता, दुसरा आणि तिसरा जरा ओलसर, तिरक्या उजेडात बघत बघत, ओघळायच्या एक क्षण आधी थांबायचं, हे मात्र सरावानेच येतं, म्हणून आधी एखाद्या जुन्या डब्यावर करून बघा.

शेवटच्या हातानंतर वीस-पंचवीस मिनिटांत मास्किंग टेप काढा, पूर्ण कडक झाल्यावर ओढली तर काठ उचकटतो. चोवीस तास हात लावू नका, मी बसवायच्या आधी आठवडा ठेवतो, दिवसा उन्हात, रात्री बाल्कनीत. टायरमध्ये हवा भरून घ्या, बसवताना नट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोरचे असे तिरके क्रमाने, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोराने आवळणारा पाना, असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, नसेल तर टायरवाल्याकडे करून घ्या, त्याच फेरीत बॅलन्सिंग पण, पुट्टी आणि रंगाने वजन थोडंफार बदलतं. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट परत एकदा तपासा. पहिले पंधरा दिवस प्रेशर वॉश नको आणि टायरवाल्याला आधीच सांगा की मशिनच्या दाढेला फडकं लाव बाबा, ते आपण म्हटल्याशिवाय लावत नाहीत.

उरलेला सिल्व्हर आणि साधा क्लिअर (टू-के नाही) औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांमध्ये थोडा थोडा फवारून, गॅस निघून जाईपर्यंत झाकण उघडं ठेवून मग घट्ट लावून ठेवा, तारीख टाका. बारीक ओरखडा आला की काडेपेटीच्या काडीने थेंब लावता येतो. माझी बाटली पहिल्यांदा नवव्या दिवशी उघडली, पुढचं डावं चाक.